बकऱ्यांना कसला रविवार?

नगर जिल्ह्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत मी शब्बाथशाळा, म्हणजे मुलांची रविवारची शाळा, घेते. सासूबाईंचे गुडघे धरले तेव्हा ती माझ्या गळ्यात पडली, आणि मग अंगवळणी पडली. मुलं मोठ्यांच्या उपासनेत चुळबुळ करतात, उपदेश लांबला की बाकाखालून पळ काढतात, म्हणून त्यांना वेगळं बसवायचं, असं पुष्कळांना वाटतं. मलाही कुणी विचारलं तर मी हेच सांगते, सोपं पडतं. पण शब्बाथशाळा निघाली ती मुलांना वाचता येत नव्हतं म्हणून.

१७८० साली इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावात रॉबर्ट रेक्स नावाचा छापखानेवाला होता. गावात टाचण्यांचे कारखाने. पोरं सहा दिवस कामाला जुंपलेली आणि रविवारी रस्त्यावर हुंदडणारी. रेक्सनं काही बायांना दिवसाला एक शिलिंग देऊन त्या पोरांना वाचायला शिकवण्याच्या कामावर ठेवलं. आधी अक्षरं, मग प्रश्नोत्तरांतून धर्म, मग रांगेनं देवळात. त्याचं स्वतःचं वर्तमानपत्र असल्यामुळे बातमी झपाट्यानं पसरली. गरिबांची पोरं वाचू लागली तर उद्या बंड करतील, अशी ओरड काही धर्मगुरूंनीच केली. आपल्याकडेही ही ओरड पुष्कळांनी केली, फक्त पोरं वेगळी होती.

अमेरिकेत या शाळेला पाठांतराचं वेड लागलं. वचनं पाठ केली की रंगीत चिठ्ठी, चिठ्ठ्या साठल्या की बक्षीस. मार्क ट्वेनच्या टॉम सॉयरनं याच चिठ्ठ्यांची अदलाबदल करून बायबल पटकावलं होतं. पुढे १८७२ साली तिथल्या शब्बाथशाळांनी ठरवलं की एका रविवारी सगळीकडे एकच धडा चालावा. १८७६ मध्ये अलाहाबादला इंडिया संडे स्कूल युनियन निघाली आणि आपल्याकडच्या शाळांनाही एका सूत्रात बांधण्याचं काम सुरू झालं.

आमच्याकडे ही शाळा आणणारे अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत उतरले १८१३ साली, नगरला आले १८३१ मध्ये. रेक्सची शाळा कारखान्याच्या सुट्टीवर उभी होती. आमच्याकडे सुट्टीच कुठे होती? मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडलं, तीही नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढून मिळवली. खेड्यात तर आठवडा बाजाराच्या वारानं मोजायचा. महारवाड्यातलं, मांगवाड्यातलं पोर दिवसभर कुणाची तरी गुरं नाहीतर शेरडं राखायचं. बकऱ्यांना कसला रविवार?

यातून वाट काढली ती खेड्यातल्या मास्तरांनी. मिशनची शाळा म्हणजे बहुधा एकच खोली. आठवडाभर तिच्यात बाराखडी, रविवारी तिच्यातच उपासना. आणि मास्तर तोच पाळक. माझे आजेसासरे असेच मास्तर होते. सासूबाई सांगायच्या की मुलांची उपासना दिवेलागणीनंतर व्हायची, शेरडं कोंडून झाली की. मुलं गोणपाटावर, दारात आया. दानार्पणाला पैसा नसेल तर मूठभर ज्वारी, क्वचित एखादं अंडं. प्रार्थना चालू असताना ते फुटलं की कुजबुज वाढायची.

आजेसासऱ्यांच्या पत्र्याच्या डब्यातली चित्रकार्डं अजून माझ्याकडे आहेत. अमेरिकेतल्या शब्बाथशाळांत वापरून झालेली अशी कार्डं आणि मोठी गुंडाळीची चित्रं मिशनांकडे पाठवली जात. पोस्टकार्डाहून लहान, कडा खाल्लेल्या, पाठीमागे इंग्रजीत धडा. पुढच्या बाजूला सोनेरी केसांची गुबगुबीत मुलं येशूच्या मांडीवर. एका कार्डावर कुणीतरी पेन्सिलीनं त्या मुलांचे केस काळे केले आहेत. कुणाचा हात तो, कळायला मार्ग नाही, पण माझं सगळ्यात आवडतं कार्ड तेच.

छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० मध्ये, मिशनच्या वसतिगृहांत अनाथ मुलांची रीघ लागली. या मुलांना उपासना रविवारपुरती नव्हती. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, जेवणाआधी प्रार्थना. घर म्हणून जे काही मिळालं ते तिच्यासकट. त्यांना ते आवडलं का, हे त्या वेळी फारसं कुणी विचारलं नसावं.

पाठांतरापेक्षा टिकलं ते गाणं. सुरुवातीची गीतं परदेशी चालींवर बेतलेली. नगरच्या हेन्री बॅलंटाईन साहेबांनी कितीतरी गीतं मराठीत आणली, मेहनतीनं आणली. पण चाल तिकडची असली की ऱ्हस्व अक्षर ताणलं जातं, दीर्घ तोकडं पडतं आणि मुलं शब्द गिळून नुसता सूर काढतात. कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवलं तेव्हा झांज, टाळी, ध्रुवपद या ओळखीच्या गोष्टी उपासनेत आल्या. मग आले नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये बाप्तिस्मा झाला तेव्हा अभंग, ओवी, साकी, दिंडी ही त्यांची घरचीच भाषा होती. मराठी शाळांनी त्यांना फुलांमुलांचे कवी म्हटलं; आमच्या मुलांना ते ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून तोंडपाठ.

याचं श्रेय टिळकांना द्यावंच. पण शाई वाळायच्या आत ती गीतं जात्यापर्यंत पोचवली मुलांनी. आईला वाचता येत नसे. पोर गोणपाटावर शिकलेलं ध्रुवपद घरी गुणगुणायचं आणि पहाटे तेच पिठाबरोबर पडायचं. सासूबाईंना टिळकांची गीतं अशीच पाठ झाली होती, त्यांच्या आईकडून, आणि आईला अक्षर येत नव्हतं.

मुलांना सुरात धर्म शिकवण्याची युक्ती काही मिशनची नवी नव्हे. कॅथलिक मिशनरी फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आला तेव्हा हातात घंटी घेऊन रस्त्यारस्त्यानं मुलं गोळा करायचा आणि शिकवण गाऊन घ्यायचा. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळींना हे सांगितलं की ते जरा गप्प होतात.

मधल्या काळात फ्लॅनेलचा फळा आला. कापडावर कागदी मोशे चिकटायचा आणि पंखा लावला की लाल समुद्रासकट उडायचा. आता मे महिन्यात सुट्टीतली बायबल शाळा, प्रोजेक्टर आणि हातवारे करायची हिंदी-इंग्रजी गाणी. मुलं आनंदानं उड्या मारतात, ते मला दिसतं. पण त्यातलं एकही गाणं त्यांच्या आया घरी म्हणताना मी ऐकलेलं नाही. यंदाच्या नाताळाला दोन हातवाऱ्यांची गाणी आणि टिळकांचा एक अभंग, असा आमचा तह झाला आहे. तबल्यावर आठवीतली मुलगी बसेल. पेटीला अजून कुणी मिळालेलं नाही.