माजघर, ओसरी आणि एक्कावन्न सेंटिमीटर : वऱ्हाडातील घरांत दूरचित्रवाणी संचाचा शिरकाव

अमरावती आणि अकोला या शहरांच्या परिसरातील जुन्या घरांची घडण ज्या काळात ठरली, त्या काळात बाहेरून आणून घरात ठेवायच्या मोठ्या वस्तू म्हणजे धान्याच्या कणग्या, लाकडी पेट्या आणि पलंग एवढ्याच होत्या. दरवाजातून आत येताच लागणारी ढेलज, म्हणजे आल्यागेल्याने टेकायची छपराखालची जागा, तिच्या पुढे अंगण, मग ओसरी आणि आत माजघर अशी या घरांची सर्वसाधारण रांग असे. भिंती पांढऱ्या मातीच्या आणि इतक्या जाड की त्यांच्या पोटातच कोनाडे आणि फडताळे काढली जात. छत मातीच्या धाब्याचे, आणि ते ज्या सागवानी तुळयांवर तोललेले असे त्यांच्या लांबीवरच खोलीची रुंदी ठरत असल्यामुळे खोल्या लांब पण अरुंद होत. दूरचित्रवाणी संच या घरांत आला तेव्हा त्याच्यासाठी जागा नव्हतीच, ती काढावी लागली. म्हणूनच वऱ्हाडातील दूरचित्रवाणीचा इतिहास कार्यक्रमांच्या यादीपेक्षा घरांच्या मोजमापांतून अधिक नीट वाचता येतो.

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी उघडले, तरी वऱ्हाडाला त्याचा काहीच उपयोग नव्हता, कारण प्रक्षेपणाच्या लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात आणि क्षितिजाच्या फारशा पलीकडे पोचत नाहीत. १९८२ मध्ये नागपूरला प्रक्षेपण सुरू झाले, पण दीडशे किलोमीटरवरच्या अमरावतीला तेही दूरच पडत होते. परिस्थिती पालटली ती ३० ऑगस्ट १९८३ रोजी अवकाशात गेलेल्या इन्सॅट-१बी या उपग्रहामुळे. त्याच वर्षी केंद्र सरकारने प्रक्षेपण विस्ताराची ६८ कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि १९८४ मध्ये एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत लघुशक्ती प्रक्षेपक उभारले जाऊ लागले. लघुशक्ती प्रक्षेपक म्हणजे उपग्रहावरून आलेला दिल्लीचा कार्यक्रम झेलून तो सुमारे पंचवीस किलोमीटरच्या टापूत पुन्हा सोडणारे छोटे यंत्र. त्याच्या टापूत बसलेल्या गावांत साधा अँटेना पुरे, टापूच्या कडेला असलेल्या गावांत मात्र लोखंडी नळ्या एकावर एक जोडून उंच खांब उभा करावा लागे आणि त्याला धाब्यावरून तारांचे ताण द्यावे लागत. मातीच्या धाब्यात खांब रोवला की पावसाळ्यात नेमके तिथेच गळे, त्यामुळे खांब भिंतीलगत जमिनीतूनच वर नेण्याची सोय अधिक शहाणपणाची ठरत असे.

त्या काळच्या संचाचे प्रमाण माप ५१ सेंटिमीटर होते आणि छोटा संच ३६ सेंटिमीटरचा असे. हे माप पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे, म्हणजे कर्णाचे असते. संचाच्या रुंदीशी, उंचीशी किंवा खोलीशी त्याचा थेट संबंध नाही. चारास तीन या प्रमाणातल्या ५१ सेंटिमीटरच्या पडद्याची रुंदी सुमारे ४१ आणि उंची सुमारे ३१ सेंटिमीटर भरते. घरात जागा शोधताना खरी अडचण होती ती संचाच्या खोलीची. चित्रनलिकेच्या मानेतून निघणारा इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्याच्या चारही कडांपर्यंत वळवायचा तर मागे पुरेसे अंतर लागते, त्यामुळे संच दीड फुटाच्या आसपास खोल होई, आणि शिवाय आतली उष्णता बाहेर पडावी म्हणून मागच्या जाळीमागे मोकळी जागा सोडावी लागे. देवाच्या तसबिरी आणि दिवे ठेवण्यासाठी काढलेल्या कोनाड्यात तो मावणे शक्यच नव्हते. वेस्टन, क्राउन, टेलिव्हिस्टा, हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनचा ईसी अशा नावांचे अनेक संच लाकडी पेटीचे, सरकत्या झडपांचे आणि स्क्रूने बसवायच्या चार पायांचे असत. झडपा ओढून कुलूप लावले की त्या वस्तूला कपाटाची कळा येई, आणि धान्याच्या धुळीने भरलेल्या घरात ती झडप ऐटीपेक्षा गरजेची होती.

संच ओसरीवर ठेवायचा की माजघरात, हा प्रश्न वरवर जागेचा असला तरी तो घरातील माणसांच्या वावराचा होता. ओसरी पुरुषांची आणि पाहुण्यांची, माजघर बायकांचे, अशी विभागणी पाळणाऱ्या घरांत संच ओसरीवर गेला तर सुनांना तो दाराआडून पाहावा लागे. माजघरात ठेवला तर शेजाऱ्यांना थेट घराच्या पोटात यावे लागे. २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाले आणि पुढे २ ऑक्टोबर १९८८ पासून ‘महाभारत’ आले, तेव्हा हा पेच संच दाराच्या रेषेत, उंच टेबलावर, अंगणाकडे तोंड करून ठेवण्याने सुटला. ओसरी, माजघर आणि अंगण यांतील माणसे एकाच वेळी एका दिशेला तोंड करून बसावीत, अशी मांडणी या घरांना यापूर्वी फक्त लग्नकार्यात आणि कीर्तनातच माहीत होती. वऱ्हाडी घराच्या आतील रचनेत त्या काळात संचाने जो बदल घडवला, तितका त्याआधीच्या कोणत्याही यंत्राने घडवला नव्हता.

खरेदीची वेळ कापसाने ठरे. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू होती, त्यामुळे शेतकऱ्याचे पैसे, म्हणजे चुकारे, हाती पडण्याची वेळ बऱ्याच अंशी सरकारी खरेदीवर अवलंबून होती आणि मोठी वस्तू चुकाऱ्यांच्या हिशेबावरच घरात येई. दुसरी वाट लग्नाची होती. मुलीला द्यायचे आंदण मांडवात मांडून दाखवण्याच्या रीतीत लोखंडी कपाट आणि पलंगाशेजारी संचाचे खोके येऊन बसले, आणि ते बहुधा न उघडताच ठेवले जाई, कारण खोक्यावरचे नाव आणि आकडा दुरून वाचता यावा हाच तिथे हेतू असे. दोन सपाट कागदांमध्ये नागमोडी कागद चिकटवून केलेला तो पुठ्ठा, त्यावरचा फुटणाऱ्या वस्तूची सूचना देणारा पेल्याचा शिक्का आणि वरची बाजू दाखवणारे बाण या सगळ्याचा मूळ उद्देश काचेची नलिका सुखरूप पोचवणे हा होता. मांडवात मात्र त्या आकड्यावरून मुलीच्या बापाची ऐपत मोजली गेली. हुंडाबंदीचा कायदा १९६१ पासून अस्तित्वात असताना ३६ ऐवजी ५१ चे खोके मांडण्यासाठी कित्येक घरांनी कर्ज काढले, ही या इतिहासातील सर्वांत क्लेशदायक बाब आहे. लग्नानंतर खोके आणि त्यातले थर्माकोलचे साचे माळ्यावर जपून ठेवले जात, कारण बिघडलेला संच तालुक्याच्या गावाहून एसटीने अमरावतीला किंवा अकोल्याला न्यायचा तर तेच कामी येत.

पुढच्या टप्प्यात संचाभोवती लाकूडकाम उभे राहिले. मेळघाटच्या सागामुळे परतवाड्याची लाकडाची बाजारपेठ हाताशी होती, आणि वाढई, म्हणजे सुतार, भिंतभर शोकेस करून त्यात मधोमध संचाच्या मापाचा चौकोन सोडू लागले. हा चौकोन ५१ सेंटिमीटरच्या कृष्णधवल संचासाठी बेतलेला असल्याने, नव्वदच्या दशकात २१ इंची रंगीत संच आला तेव्हा पडद्यातील फरक दोन-तीन सेंटिमीटरांचाच असूनही त्याची पाठ अधिक फुगीर असल्यामुळे तो बाहेर डोकावे, आणि शोकेसची मागची फळी कापावी लागे. २९ इंची संच तर चाळीस किलोंच्या पुढे जाई. त्याला फळी नव्हे, ओटाच हवा असे.

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या या मुलखात आणखी एक स्पर्धक होता, तो म्हणजे खिडकीतला कूलर. मार्च उलटला की खोलीची सर्वांत सोयीची खिडकी वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्या लावलेल्या कूलरकडे जाते. त्याच्या ओल्या झोतासमोर संच ठेवता येत नाही, आणि झोताच्या बाजूला बसावे तर पडदा तिरका दिसतो. त्यामुळे वऱ्हाडात संचाची जागा ठरवताना खोलीची लांबी मोजण्याआधी कूलरची खिडकी पाहिली जाई, आणि अनेक घरांत संचाची उन्हाळ्याची जागा आणि हिवाळ्याची जागा वेगळी असे.

चपट्या संचांनी हा सगळा हिशेब उलटा केला. संचाची खोली नाहीशी झाली आणि रुंदी वाढली, कारण नव्या पडद्याचे प्रमाण सोळास नऊ असते. या प्रमाणामुळे २४ इंची, म्हणजे ६१ सेंटिमीटरच्या पडद्याची उंची जेमतेम ३० सेंटिमीटर भरते. जुन्या ५१ सेंटिमीटरच्या पडद्याची उंचीही तितकीच होती, म्हणून आकडा वाढला तरी चेहरे मोठे दिसत नाहीत अशी तक्रार ग्राहक करीत, ती खरीच होती. ३२ इंची पडदा ७१ सेंटिमीटर रुंद असल्याने शोकेसच्या जुन्या चौकोनात तो बसेना, आणि दीड फूट खोल कप्पे रिकामे पडले. उलट अरुंद खोलीला याचा लाभ झाला. जुन्या प्रक्षेपणाच्या रेषा डोळ्यांना खटकू नयेत म्हणून पडद्याच्या उंचीच्या सहापट अंतरावर, म्हणजे ५१ सेंटिमीटरच्या संचापासून सुमारे सहा फुटांवर बसावे लागे. उच्च स्पष्टतेच्या चित्राला उंचीच्या तिप्पट अंतर पुरते, त्यामुळे सव्वापाच फुटांवरूनही ४३ इंची संच नीट पाहता येतो. मात्र तो टांगायचा कुठे, हा प्रश्न मातीच्या भिंतीने पुन्हा उभा केला. सिमेंटच्या भिंतीत भोक पाडून प्लास्टिकची गिट्टी ठोकली की स्क्रू धरून ठेवते, मातीत ती गिट्टी भोकासकट सुटते. म्हणून जुन्या वाड्यांत आजही भिंतीत सागाची पट्टी आरपार बसवून किंवा दोन खांबांना आडवी फळी जोडून त्यावर संच लावतात. नवे खोके वजनाला हलके असले तरी ते उभेच न्यावे लागते, आडवे टाकले तर पातळ काच आपल्याच भाराने वाकून तडकू शकते; एसटीच्या आसनावर मांडीजवळ धरून आणण्याचे दिवस त्यामुळे संपले.

संचाचा आकार ठरवण्यात सरकारी कराचाही वाटा राहिला. १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या संचांवर १८ टक्के आणि त्याहून मोठ्या संचांवर २८ टक्के वस्तू व सेवा कर होता, त्यामुळे ३२ इंच हे माप पुष्कळ घरांसाठी शेवटची पायरी ठरले. २२ सप्टेंबर २०२५ पासून सर्व आकारांवर १८ टक्के असा एकच दर लागू झाला आहे.