आतून सोनोग्राफी करताना किंवा नंतर दुखलं तर काय करावं? – घरातल्या प्रत्येक स्त्रीसाठी उपयोगी माहिती

पोटावरून होणाऱ्या सोनोग्राफीला आपल्या बायका सहसा घाबरत नाहीत. गरोदरपणात ती बहुतेकींनी करून घेतलेली असते. पण डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'टीव्हीएस' लिहिलेलं असतं, आणि आत गेल्यावर कळतं की ही तपासणी योनीमार्गातून होणार आहे. मग अंग आखडतं. त्यात अचानक कळ आली तर सांगायचं कसं, हेच सुचत नाही. अनेक जणी दात दाबून सहन करतात, घरी येऊन कोणाला काही बोलत नाहीत आणि पुढच्या वेळी तपासणीच टाळतात. खरं नुकसान इथे होतं.

शाळेतल्या पालक सभेनंतर आया आमच्याशी असं काही दबक्या आवाजात बोलतात, म्हणून ही माहिती एका ठिकाणी देत आहोत. आम्ही डॉक्टर नाही. हा लेख डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेणार नाही, पण डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलायला मदत नक्की करेल.

ही तपासणी नेमकी काय असते?

ओटीपोटाची सोनोग्राफी प्रामुख्याने दोन प्रकारे होते. पहिली पोटावरून. त्यासाठी पाणी पिऊन लघवी भरलेली ठेवावी लागते. दुसरी आतून. तिच्यासाठी उलट लघवी करून यावं लागतं. आतल्या तपासणीत साधारण अंगठ्याएवढ्या जाडीचा लांबट प्रोब वापरतात. त्यावर निरोधसारखं स्वच्छ आवरण चढवतात, जेल लावतात आणि दोन-तीन इंचच आत सरकवतात. ध्वनिलहरींनी पडद्यावर चित्र दिसतं. यात एक्स-रेसारखे किरण नसतात. बहुतेक वेळा १० ते २० मिनिटांत काम होतं.

प्रोब गर्भाशय आणि अंडाशयाच्या जवळ जात असल्यामुळे चित्र जास्त स्पष्ट येतं. गाठी, सिस्ट, सुरुवातीच्या आठवड्यांतला गर्भ, नळीत राहिलेला गर्भ, मूल होत नसल्यास बीज किती वाढलं, हे सगळं त्यातून पाहतात. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर गर्भाशयाच्या आतल्या अस्तराची जाडी मोजायलाही हीच तपासणी लागते. असं रक्त कधी कधी कॅन्सरची पहिली खूण असते. म्हणून "या वयात आता कशाला" म्हणून अम्मी किंवा सासूबाईंची तपासणी टाळू नये.

दुखतं का?

थोडा दाब जाणवणं आणि अवघडल्यासारखं होणं साधारण आहे. तीव्र दुखलं तर त्यामागे काहीतरी कारण असतं. दुखणं कुठे आणि कधी होतं यावरून अंदाज येतो.

प्रोब आत जाताना तोंडाशीच जळजळ झाली किंवा टोचलं, तर कोरडेपणा हे एक कारण असू शकतं. पाळी बंद झाल्यावर आणि बाळ अंगावर पीत असतानाही योनीमार्ग कोरडा होतो. बुरशीचा किंवा दुसरा संसर्ग असला तरी आग होते. काही जणींचे स्नायू भीतीने आपोआप आवळले जातात. ते मुद्दाम केलेलं नसतं आणि "सैल सोडा" एवढं म्हटल्याने थांबतही नाही. पूर्वी कधी जबरदस्ती किंवा वाईट अनुभव आला असेल, तर शरीर तो विसरत नाही.

खोलवर कळ आली, विशेषतः प्रोब एका बाजूला फिरवल्यावर, तर कारण वेगळं असू शकतं: अंडाशयावरची सिस्ट, गर्भाशय आणि नळ्यांना झालेली सूज, फायब्रॉइडची गाठ किंवा एंडोमेट्रिओसिस. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखा भाग गर्भाशयाबाहेर वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेनुसार जननवयातल्या जवळपास १० टक्के स्त्रियांना हा त्रास असतो. सोनोग्राफीत काही दिसलं नाही तरी तो नाही असं ठामपणे म्हणता येत नाही. म्हणून पाळीत असह्य दुखणं, संबंधाच्या वेळी दुखणं आणि तपासणीत दुखणं अशा तिन्ही गोष्टी असतील, तर तिन्ही डॉक्टरांना सांगा.

कुठे दुखतं ही डॉक्टरांसाठी मोलाची माहिती असते. "उजव्या बाजूला दाबल्यावर दुखतंय" एवढं वाक्यही निदानाला मदत करतं. तुम्ही गप्प राहिलात तर ती माहिती डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही.

जाण्याआधी

* चिठ्ठी देतानाच विचारा: "सोनोग्राफी पोटावरून की आतून?" सेंटरला गेल्यावर धक्का बसण्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं.
* लग्न झालेलं नसेल किंवा कधीच संबंध आलेला नसेल, तर हे स्पष्ट सांगा. अशा वेळी सहसा पोटावरूनच तपासणी करतात. गरज पडली तर डॉक्टर दुसरे मार्ग सुचवतात. मुलीला हे आईसमोर किंवा बाहेर सगळ्यांसमोर नाही, तर डॉक्टरांशी एकटीने बोलू द्यावं.
* पूर्वी अशा तपासणीत दुखलं असेल, चक्कर आली असेल किंवा रबराची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. ॲलर्जी असल्यास वेगळं आवरण वापरता येतं.
* गर्भवती नसाल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर तासभर आधी वेदनाशामक गोळी घेता येते. कोणती, हे त्यांनाच विचारा.
* पाळी सुरू असली तरी तपासणी होऊ शकते. कधी कधी डॉक्टर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच बोलावतात. लाजून तारीख पुढे ढकलू नका.
* सैल सलवार किंवा घेरदार गाऊन घाला. वरचे कपडे काढावे लागत नाहीत. सोबत एक पॅड ठेवा.

तपासणी चालू असताना

सुरुवातीलाच म्हणा, "दुखलं तर मी हात वर करेन, तेव्हा थांबा." मराठीत सुचलं नाही तर "दर्द हो रहा है, रुकिए" म्हणा. भाषा कोणतीही चालेल. तुमची संमती तपासणी संपेपर्यंत लागते. मध्येच "नको" म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

दुखणं कमी करायला या गोष्टी उपयोगी पडतात:

* कमरेखाली उशी किंवा घडी केलेली चादर मागा. कंबर थोडी उचलली की प्रोब फार तिरका करावा लागत नाही.
* नाकाने श्वास घ्या आणि तोंडाने हळूहळू, लांब सोडा. जबडा आणि खांदे सैल ठेवा. श्वास रोखला की खालचे स्नायूही आवळतात.
* प्रोब आत जाताना हलकासा खाली जोर द्या. स्नायू मोकळे व्हायला मदत होते.
* जेल जास्त लावायला सांगा.
* हवं असेल तर प्रोबचं टोक स्वतः आत सरकवण्याची परवानगी मागा. अनेक ठिकाणी ही मुभा देतात. ताबा आपल्या हातात असला की भीती कमी होते.
* मनात जिक्र किंवा दरूद पढत राहिलं तर श्वासाची लय सांभाळली जाते, असं काही जणी सांगतात.

तरीही सहन होत नसेल तर तपासणी थांबवा. पोटावरून जेवढं दिसेल तेवढं बघता येतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा करता येते किंवा डॉक्टर एमआरआयसारखा पर्याय सुचवू शकतात. मूल होण्याच्या उपचारात 'फॉलिक्युलर स्टडी'साठी ही तपासणी काही दिवसांत अनेकदा होते. तिथे पहिल्याच दिवशी त्रास सांगितला तर पुढचे दिवस सोपे जातात.

घरी आल्यावर

उठताना घाई करू नका. आधी कुशीवर वळा, मिनिटभर बसा, मग उभं राहा. काही जणींना चक्कर येते, घाम फुटतो. तसं झालं तर लगेच आडवं व्हा आणि पाय उंचावर ठेवा.

पाळीसारखी हलकी कळ काही तास किंवा एखादा दिवस राहू शकते. जेल बाहेर येतं, ते पांढरं जाण्यासारखं वाटतं. एखाद-दोन डाग रक्ताचेही दिसू शकतात. ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवा, पण कापडात गुंडाळून. आराम करा, पाणी प्या. आतून धुणं, डेटॉल लावणं किंवा सुगंधी साबण टाळा. त्याने आग वाढते.

गोळी घ्यायची तर मोठ्या माणसांसाठी पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम सहसा पुरते. दोन मात्रांमध्ये ४ ते ६ तासांचं अंतर ठेवा. यकृताचा आजार असेल तर आधी विचारा. आयबुप्रोफेन किंवा मेफेनामिक ॲसिडच्या गोळ्या गरोदर असताना, पोटात अल्सर किंवा किडनीचा त्रास असताना डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. मेफेनामिक ॲसिडने क्वचित गंभीर ॲलर्जी होते, असा इशारा भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ मध्ये दिला आहे. गोळीनंतर अंगावर पुरळ किंवा ताप आला तर ती बंद करून डॉक्टरांना दाखवा.

वाट बघू नका, दवाखान्यात जा

* एका बाजूला अचानक तीव्र कळ आणि उलट्या. अंडाशयाला पीळ पडल्याची शक्यता असते आणि तिथे वेळ महत्त्वाचा.
* तासाला एक पॅड भिजेल एवढं रक्त जाणं.
* १००.४ फॅरनहाइटपेक्षा जास्त ताप किंवा दुर्गंधी असलेला स्राव.
* पाळी चुकलेली आहे आणि पोटात कळ, खांद्याच्या टोकाशी दुखणं किंवा बेशुद्धी. गर्भ नळीत असून नळी फुटलेली असू शकते. यात जीव जाऊ शकतो.
* लघवीला जळजळ, किंवा दुखणं दोन दिवसांनंतरही कमी न होणं.

पहिल्या चार गोष्टींत रात्र असली, घरात पाहुणे असले किंवा शौहर बाहेरगावी असले तरी थांबू नका. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे. बहुतेक वेळा ही लक्षणं तपासणीमुळे नसतात. ज्या आजारासाठी तपासणी केली, तोच वाढलेला असतो.

आपले हक्क

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेनुसार पुरुष डॉक्टर तपासत असतील तर दुसरी स्त्री हजर असणं हा रुग्ण स्त्रीचा हक्क आहे. खाजगीपणा, तपासणीची माहिती समजावून घेणं आणि आपला रिपोर्ट मिळणं हेही हक्क आहेत. पडदा ओढायला सांगणं, अंगावर चादर मागणं, स्त्री डॉक्टर आहेत का हे विचारणं यात उद्धटपणा काही नाही. कोणी अपमानास्पद बोललं किंवा दुखत असूनही थांबलं नाही, तर रुग्णालयाच्या प्रमुखांकडे लेखी तक्रार द्या. वागणं गैर असेल तर महिला हेल्पलाइन १८१ किंवा पोलिसांचा ११२ क्रमांक आहे. अनुभव मनातून जात नसेल, झोप लागत नसेल तर टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं.

रोजा, नमाज आणि पर्दा

इलाजाची खरी गरज असेल तेव्हा गरजेपुरती तपासणी जायज आहे, हे उलेमा सांगतात. स्त्री डॉक्टर मिळत असतील तर त्यांच्याकडे जावं. नसतील तर सोबत स्त्री असावी.

रोजाबाबत मतभेद आहेत. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९७ मध्ये योनीमार्गातून होणाऱ्या वैद्यकीय तपासणीने रोजा तुटत नाही असं ठरवलं. हनफी आणि शाफई मसलकच्या जुन्या किताबांत मात्र कडक मत आढळतं. आपल्याकडे दोन्ही मसलकचे लोक आहेत, त्यामुळे आपल्या मुफ्ती साहेबांना विचारावं. तातडी नसेल तर तारीख रमजानच्या आधी किंवा ईदनंतर घेणं सोपं पडतं. पोटावरच्या सोनोग्राफीलाही पाणी प्यावं लागतं, हेही लक्षात असू द्या. तातडी असेल तर थांबू नये. आजारी माणसाने रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत सूरह बकरामध्ये आलेली आहे.

नुसत्या तपासणीने गुस्ल फर्ज होत नाही, असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. वुजू मात्र ताजा करून घ्यावा. पाळीच्या दिवसांबाहेर एखादा डाग दिसला म्हणून स्वतःहून नमाज सोडू नका. तो हैज की इस्तिहाजा, हे तारखा सांगून विचारून घ्या.

घरच्यांसाठी

सब्र म्हणजे दुखणं लपवणं नव्हे. तपासणीहून आलेल्या बायकोला किंवा सुनेला "एवढ्याने काय होतं, आम्ही चार मुलं काढली" असं म्हटलं की ती पुढचं काही सांगत नाही. त्याऐवजी विचारा, "फार दुखलं का? डॉक्टर काय म्हणाले?" त्या दिवशीचा स्वयंपाक दुसऱ्या कोणीतरी करावा. शौहरने सोबत जावं, रिपोर्टची फाइल सांभाळावी आणि पुढच्या भेटीची तारीख लिहून ठेवावी.

एका कागदावर चार ओळी लिहून त्याच फाइलमध्ये ठेवा: शेवटची पाळी कधी आली, तपासणीत कुठे दुखलं, किती वेळ दुखलं, कोणती गोळी घेतली. पुढच्या डॉक्टरांना या चार ओळी दाखवल्या की लाजून अडखळायची वेळ येत नाही आणि इलाजही लवकर सुरू होतो.