दोन आण्यांची माती

सावेडीतील एखाद्या शाळेची सहल भंडारदऱ्याला निघाली, तर मुलांनी खिडकीतून रस्त्याकडेच्या मातीवर लक्ष ठेवावे. राहुरी-कोल्हारच्या परिसरात काळी, खोल जमीन आणि तिच्यात ऊस दिसतो. संगमनेरच्या पुढे माती फिकट आणि उथळ होत जाते. अकोले, राजूर मागे पडले की डोंगर जवळ येतात. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड यांच्या उतारांवर जांभूळ, हिरडा, कारवी दाट वाढलेली असते. पण वाटेच्या कडेला जिथे कडा कापला आहे, तिथे माती किती दिसते? वीतभर, फार तर हातभर. तीही खड्यांनी भरलेली. तिच्याखाली मुरूम आणि मुरुमाखाली काळा पाषाण.

एवढ्याशा मातीवर एवढे जंगल कसे उभे राहते? आणि या मातीची किंमत काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी सरकारदरबारी आण्यांत लिहिले गेले होते. ती हकिकत समजून घेण्याजोगी आहे.

आधी ही माती घडते कशी ते पाहू. सह्याद्रीचा बेसाल्ट खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. ऊन, पाऊस, मुळे यांमुळे तो झिजतो, त्याचा मुरूम होतो आणि मुरुमाची माती होते. एक सेंटिमीटर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. तीव्र उतारावर तयार झालेली बारीक माती पाण्याबरोबर खाली जाते आणि जड खडे मागे राहतात. म्हणून माथ्याजवळ उथळ व खडेयुक्त, मधल्या टप्प्यावर मध्यम आणि नदीकाठी खोल काळी, अशी मातीची उतरंड तयार होते. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या मिल्न या शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये अशा उतरंडीला ‘कॅटिना’ म्हणजे साखळी हे नाव दिले. प्रवरेकाठची काळी माती आणि रतनगडाची खडेमाती या एकाच साखळीच्या दोन कड्या आहेत.

आता इतिहासाकडे वळू. इंग्रजी अमलात दख्खनमध्ये शेतसारा ठरवण्यासाठी प्रिंगल याने १८२० च्या दशकाच्या अखेरीस केलेली पाहणी फसली. नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून नवी पद्धत सुरू केली. तिचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्के झाले. या पद्धतीत जमिनीची प्रत मुख्यतः दोन गोष्टींवरून ठरे : मातीचा पोत आणि तिची खोली. पोताचे तीन गट होते. पहिला बारीक, काळ्या मातीचा. दुसरा जरा जाडसर, बहुधा तांबड्या मातीचा. तिसरा भरड, खडेयुक्त किंवा भुसभुशीत मातीचा. खोली हातांनी मोजत. पावणेदोन हात, म्हणजे सुमारे ८० सेंटिमीटर खोल काळी माती सोळा आण्यांची. तिथून उतरत नवव्या, शेवटच्या पायरीवर पाव हात खोलीची खडेमाती, किंमत दोन आणे.

याखेरीज जमिनीचे दोषही नोंदवले जात. चुनखडी, वाळू, पाण्याचा निचरा न होणे, पाण्याने माती वाहून जाण्याचा धोका असे ते दोष होते. त्यांच्या यादीत ‘उतार’ हाही एक दोष होता आणि प्रत्येक दोषामागे जमीन एक पायरी खाली सरके. जे मुळीच पिकणार नाही ते ‘पोटखराब’ म्हणून वेगळे काढले जाई.

या पद्धतीला नावे ठेवण्याचे कारण नाही. शेतकऱ्यावर झेपेल इतकाच सारा बसावा म्हणून ती केली होती. त्या काळात हजारो शेते खणून, खोली मोजून नोंदवणे हे मोठेच काम होते. पण तिचा प्रश्न एकच होता : या मातीत पीक किती येईल? म्हणून उतारावरच्या मातीचे खरे काम तिच्या तक्त्यात बसले नाही.

ते काम कोणते? एक साधे गणित करू. समजा, माती २५ सेंटिमीटर खोल आहे आणि तिचा ४० टक्के भाग खडे आहेत. बारीक माती उरली १५ सेंटिमीटर. तिच्या एका सेंटिमीटरमध्ये झाडाला घेता येईल असे दीड मिलिमीटर पाणी मावते असे धरले, तर एकूण सुमारे २२ मिलिमीटर. रोज चार ते पाच मिलिमीटर खर्च धरला, तर हा साठा पाच दिवसांत संपेल. मीटरभर खोल काळ्या मातीत दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी, म्हणजे महिन्याहून अधिक दिवसांची सोय. पिकाच्या दृष्टीने दोन आणे हा भाव चुकीचा नव्हता!

मग जंगल कसे जगते? झाडांची मुळे मातीवर थांबत नाहीत. ती मुरुमात आणि खडकाच्या भेगांत उतरतात आणि तिथले पाणी घेतात. पालापाचोळ्याने पावसाच्या थेंबाचा मार अडतो, तो कुजून माती सच्छिद्र होते आणि पाणी पृष्ठभागावरून न धावता आत मुरते. ही माती पाणी साठवणारी कोठी नसून पाणी आत सोडणारे दार आहे. त्या दारातून मुरलेल्या पाण्याचा काही भाग झऱ्यांवाटे सावकाश बाहेर येतो आणि पावसाळा संपल्यावरही ओढे काही काळ वाहते ठेवतो. प्रवरा आणि मुळा याच डोंगरांत उगम पावतात. सोळा आण्यांच्या जमिनीला पाणी पाजणारे धरण दोन आण्यांच्या मातीच्या पायथ्याशी आहे. भंडारदऱ्याचे हे विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले.

झाडी तुटली, की हे दार बंद होते. आधी पाचोळा जातो, मग बारीक माती जाते, आणि उरलेल्या थरात खड्यांचे प्रमाण वाढते. म्हणजे खडेमाती काही ठिकाणी निसर्गाची घडण असते, तर काही ठिकाणी जखमेची खूण. फरक ओळखता येतो. जंगलातील मातीत खडे काळपट भुसभुशीत मातीत मिसळलेले असतात. धुपलेल्या उतारावर ते फरसबंदीसारखे वर पसरलेले दिसतात.

१९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्यानंतर राज्यात बांधबंदिस्तीची कामे मोठ्या प्रमाणावर झाली. पण बांध मुख्यतः शेतांत पडले आणि पाणी व गाळ मात्र वरच्या उघड्या डोंगरावरून येत राहिला. ‘माथा ते पायथा’ हा पाणलोटाचा विचार पुढे रुजला. सावेडीपासून फार दूर नसलेल्या हिवरे बाजारने १९९० च्या दशकात चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली, डोंगरावर समपातळी चर खणले, झाडे लावली. विहिरींचे पाणी वाढले. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीतही १९९६ पासून असेच काम झाले. उताराला दोष न मानता तिथूनच कामाला सुरुवात झाली, हा महत्त्वाचा बदल.

मात्र हीच माती बेफिकिरी सहन करत नाही. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर पावसाने भिजलेला उतार कोसळला आणि सुमारे दीडशे माणसे गेली. कठीण खडकावर माती व मुरमाचा थर पाण्याने जड झाला, की तीव्र उतारावर तो घसरू शकतो. त्यामुळे कुठे चर खणावेत, कुठे उताराला हातच लावू नये, हे जागा पाहून ठरवावे लागते.

शिक्षकांनी मुलांना घेऊन जवळच्या टेकडीवर हा प्रयोग जरूर करावा. झाडाखाली आणि उघड्या उतारावर वीतभर खड्डा खणा. दोन्हीकडची माती वाळवून दोन मिलिमीटरच्या चाळणीने चाळा आणि वर राहिलेल्या खड्यांचे वजन एकूण वजनाशी ताडून पाहा. तळ काढलेला एकेक डबा दोन्हीकडे जमिनीत रोवून त्यात तांब्याभर पाणी ओता आणि ते किती वेळात मुरते ते घड्याळावर मोजा. खड्डे बुजवायला विसरू नका. मग आकडे फळ्यावर मांडा आणि मुलांनाच विचारा : या मातीला तुम्ही किती आणे द्याल?