भिंतीवरचा लाल डबा: फायर अलार्मचा कॉल पॉइंट कसा चालतो?

नांदगाव खंडेश्वरचा दवाखाना असो की अमरावतीचा मॉल, जिन्याजवळ लाल चौकोनी डबा दिसला तर तो बहुधा 'मॅन्युअल कॉल पॉइंट' असतो. आग दिसली की त्याची काच अंगठ्याने जोरात दाबायची. काचेने आतली कळ धरून ठेवलेली असते. काच फुटली की कळ सुटते, कंट्रोल पॅनलला सिग्नल जातो आणि भोंगे वाजतात. कोणत्या भागातून इशारा आला, तेही पॅनलवर कळते. नव्या डब्यांत काचेऐवजी प्लास्टिकची पट्टी असते, ती चावीने पुन्हा बसवता येते.

छतावर सेन्सर असताना हा कशाला? सेन्सरपर्यंत धूर पोचायला वेळ लागतो, माणसाला तो आधी दिसू शकतो. ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षातला धूर ड्युटीवरच्या नर्सच्या लक्षात आला. १० बाळे दगावली, ७ वाचली.

एक गैरसमज मात्र सगळीकडे आहे. डबा दाबल्याने पाणी सुरू होत नाही, आणि बहुतेक इमारतींत अग्निशमन दलाला आपोआप खबरही जात नाही. १०१ किंवा ११२ वर फोन वेगळा करावाच लागतो.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार ही यंत्रणा चालू ठेवणे मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. तसे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते.