वेरूळचें नॉटपेड पत्र

आमच्या घराण्याच्या जुन्या दप्तरांत, गहाणखतें व जन्मपत्रिका यांच्यामध्यें, एक लखोटा आहे. त्यावर कोणा वडीलधाऱ्यानें शिसपेनीनें ‘सन १८८९’ असें टिपून ठेविलें असून घरांत आजवर सारे तेंच प्रमाण मानीत आले. पत्र वेरूळाहून पुण्यास आलेलें. मिती फाल्गुन शुद्ध दशमी, शकाचा उल्लेख नाहीं. मुलांबाळांसह तत्काळ इकडे निघून यावें, घराचा व भांड्याकुंड्यांचा मोह धरूं नये, एवढाच मजकूर. १८८९ त पुण्यांत असें काय घडलें होतें कीं राहतें घर टाकून निघावें? देणेकऱ्यांच्या तगाद्यास भिऊन पूर्वज पळाले, असा तर्क घरांत रूढ झाला व एका सज्जन माणसाच्या नांवास उगाच डाग लागला.

लखोट्यावरील तिकीट निजामाच्या राज्याचें, अर्ध्या आण्याचें. किंमत इंग्रजी, उर्दू, मराठी व तेलुगु अशा चार लिप्यांत. वेरूळ तेव्हां हैदराबाद संस्थानांत होतें, आणि त्या संस्थानाचें टपाल स्वतंत्र असे; तें १९५० त हिंदुस्थान सरकारच्या टपालखात्यांत विलीन झालें. संस्थानी तिकीट हद्दीच्या आंतच चाले. हद्द ओलांडतांच इंग्रजी टपालखातें त्यास कोऱ्या कागदाची किंमत देई. पत्र नॉटपेड ठरे आणि दुप्पट हांशील घेणाऱ्याकडून वसूल होई. या लखोट्यावरही एक आणा वसुलीची खूण आहे. पुण्याच्या शिक्क्यांतील साल मात्र शाईनें भरून गेलें आहे.

राहिला निजामी ठसा. त्यांत उर्दू आंकड्यांनीं १३०६ आहे. हा हिजरी सन धरला तर इसवी सन १८८८-८९ येतो. शिसपेनीच्या टिपणाचा उगम हाच. परंतु आंकड्याशेजारीं महिन्याचें नांवही आहे, व त्याकडे कोणीं पाहिलें नाहीं. तें ‘अर्दिबेहेश्त’ असें आहे. हिजरी सन असता तर त्या फाल्गुनांत रज्जब हवा होता. अर्दिबेहेश्त हा इराणी सौर महिना असून हैदराबादच्या फसली सनांत तो सहावा येतो. तेथील फसली वर्ष आझुर महिन्यानें, ऑक्टोबरच्या आरंभीं, सुरू होई. वर्षारंभीं त्यांत ५९० मिळविले म्हणजे इसवी सन मिळे. तेव्हां १३०६ फसली हें ऑक्टोबर १८९६ पासूनचें वर्ष, आणि त्यांतील अर्दिबेहेश्त म्हणजे १८९७ चा मार्च.

पुण्याच्या इतिहासांत या महिन्याची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. मुंबईंत सप्टेंबर १८९६ त प्रकटलेला प्लेग पुण्यांत पसरला होता. ४ फेब्रुवारीस साथीच्या रोगांचा कायदा झाला होता. आणि रँडसाहेबांच्या कमिटीनें गोऱ्या शिपायांकरवीं घरझडती आरंभिली ती याच मार्चांत. पूर्वज देणेकऱ्यांस नव्हे, मरणास चुकवून निघाले होते. पोरांना वांचविणाऱ्या त्या पत्रासाठीं त्यांनीं दारांत एक आणा मोजला, हा व्यवहार मला तरी स्वस्तांतला वाटतो.

मनमाडहून औरंगाबादेस जाणारा लोहमार्ग तेव्हां झाला नव्हता. वेरूळास जाणारे उतारू नांदगांवास आगगाडींतून उतरत व पुढें बैलगाडीनें किंवा टांग्यानें जात. नांदगांवास गाडी धाडतों, असें पत्राच्या शेवटीं लिहिलें आहे तें यासाठीं.