घरात चाळीस कट्टे, ताटात एक दाणा नाही

आजचा भाग थेट आमच्या घरातून सुरू करतो.

गेल्या दिवाळीत मी गावी गेलो होतो, लातूर जिल्ह्यात. आजीला बरेच दिवस थकवा होता. डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "आजींच्या जेवणात प्रथिनं फारच कमी आहेत." आता आजी माळकरी, म्हणजे अंडी-मटणाचा प्रश्नच नाही. दूध तिला पचत नाही. डाळ महाग, म्हणून वरण पातळ. डॉक्टरांनी चिठ्ठीच्या तळाशी लिहिलं : सोयाबीन खा.

घरी येऊन मी ती चिठ्ठी मोठ्यानं वाचली. ज्या खोलीत बसून वाचली, तिथं माझ्या पाठीमागे आढ्यापर्यंत कट्टे रचलेले होते. भाव वाढेल म्हणून ठेवलेले चाळीस कट्टे. सगळे सोयाबीनचे!

आजी हसली. "आरं, कोंबड्याचं खाणं मी खाऊ व्हय?"

बाबाही हसले. मला मात्र हसू येईना. पंचवीस वर्षं आम्ही हे पीक घेतोय. माझं शिक्षण त्यावर झालं. आणि त्याची आमटी सोडा, मूठभर दाणे कुणी कधी शिजवून पाहिले नाहीत. असं का झालं? पुण्याला परत आल्यावर मी शोधायला बसलो, आणि गोष्ट फार लांबून सुरू झाली.

सोयाबीन मूळचं चीनचं. तिथं, जपानमध्ये, इंडोनेशियात त्याचे टोफू, मिसो, नात्तो, टेम्पे असे पदार्थ झाले. एक लक्षात घ्या, यातला कुठलाच पदार्थ म्हणजे नुसता कच्चा दाणा नाही. भिजवणं, दळणं, शिजवणं, आंबवणं, काहीतरी केलेलं आहेच. आपल्या देशातही सोयाबीन नवं नाही. उत्तराखंडात काळं सोयाबीन 'भट' म्हणून खातात, त्याची चुडकाणी करतात. नागालँडमध्ये आंबवलेलं अखुनी, मणिपुरात हवाईजार, सिक्कीममध्ये किनेमा. म्हणजे हिमालयाच्या कुशीत लोक ते पिढ्यान् पिढ्या खातायत. फक्त आपल्याकडे ते या वाटेनं आलं नाही.

कच्चं का नाही खायचं, याचं उत्तर १९१७ साली मिळालं. अमेरिकेत थॉमस ऑसबर्न आणि लाफायेट मेंडेल या दोन शास्त्रज्ञांनी उंदरांना सोयाबीन खाऊ घातलं. कच्च्या सोयाबीनवर उंदरांची वाढ नीट होईना. तेच शिजवून दिलं, तर उंदीर छान वाढले. कच्च्या दाण्यात प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला अडवणारे घटक असतात. उष्णतेनं त्यांचा जोर बराच कमी होतो. आजी-पणजीच्या भाषेत सांगायचं तर, नीट शिजवा.

आता या गोष्टीत वर्धा येतं. ऐकताय ना?

१९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचं काम सुरू झालं, जे. सी. कुमारप्पा त्याचे सचिव. १९३५ मध्ये गांधीजी स्वतः मगनवाडीत राहत होते. प्रश्न साधा होता : ज्याला दूध-तूप परवडत नाही, त्यानं ताकद येईल असं काय खावं? हातसडीचा तांदूळ, गूळ, पालेभाज्या, असे प्रयोग तिथं रोजचेच. त्यातच सोयाबीन आलं. मगनवाडीच्या स्वयंपाकघरात ते शिजवून खाऊन पाहिलं गेलं आणि गांधीजींनी त्याबद्दल 'हरिजन'मध्ये लिहिलंही.

त्याच सुमारास सयाजीरावांच्या बडोदा संस्थानातही सोयाबीनवर काम चालू होतं. एफ. एस. काळे नावाच्या अधिकाऱ्यांनी १९३६ साली सोयाबीनवर एक अख्खं इंग्रजी पुस्तक काढलं. लागवड, आहारातलं महत्त्व, पाककृती, सगळं त्यात. म्हणजे बघा, नव्वद वर्षांपूर्वी हा दाणा आपल्या दारात 'अन्न' म्हणून आला होता.

मग रुजला का नाही? चव अनोळखी, वास उग्र, आणि शिजायला वेळ फार. आपल्याकडे तूर, हरभरा, मूग होतेच. शिवाय विज्ञानानंही त्याला डोक्यावर घेतलं नाही. कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत वॉलेस आयक्रॉइड यांनी मुलांच्या आहारात पूरक म्हणून सोयाबीनही देऊन पाहिलं आणि साय काढलेलं दूधही. दुधानं मुलांच्या वाढीत स्पष्ट फरक पडला, सोयाबीननं तसा पडला नाही. १९३७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मला हा भाग महत्त्वाचा वाटतो. सोयाबीन चांगलं आहे, पण ते जादूची पुडी नाही, हे आपल्याच देशात तेव्हा कळलं होतं.

सोयाबीन दुसऱ्यांदा आलं ते १९६० च्या दशकात. या वेळी वाट वेगळी होती. जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांत अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीनं पिवळ्या सोयाबीनच्या चाचण्या झाल्या. पुढे तेलाचे कारखाने आले. माळव्यात पसरलेलं पीक विदर्भात आलं, मग मराठवाड्यात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनंही वाण काढले. शंभर-एक दिवसांत हातात येणारं, रोख पैसे देणारं पीक. आमच्या बाबांनीही ज्वारी, मूग, उडीद कमी करून सोयाबीन घेतलं, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आज महाराष्ट्रात चाळीस लाख हेक्टरांहून जास्त सोयाबीन होतं.

पण हिशोब बघा. शंभर किलो सोयाबीनमधून साधारण अठरा किलो तेल निघतं. उरते ती पेंड, व्यापाऱ्यांच्या भाषेत डीओसी. प्रथिनं सगळी त्या पेंडीत. आणि पेंड जाते मुख्यतः कोंबड्यांकडे. म्हणजे आजी काही चूक बोलली नव्हती! त्या पेंडीच्या पिठापासूनच सोयावडी होते, जी तुम्ही जिमवाले खाता.

म्हणजे पहिल्यांदा सोयाबीन अन्न म्हणून आलं आणि परत गेलं. दुसऱ्यांदा माल म्हणून आलं आणि राहिलं. शेतातून थेट मोंढ्यावर. मधे चूल लागलीच नाही. आणि ज्या शेतातला मूग-उडीद आमच्या ताटात यायचा, तो मात्र कमी झाला.

आता तब्येतीचं बोलू. सोयाबीनच्या दाण्यात ३६ ते ४० टक्के प्रथिनं असतात. तुरीच्या डाळीत साधारण २२. शिवाय शरीराला बाहेरूनच घ्यावी लागणारी सगळी अमिनो आम्लं त्यात आहेत. ज्वारीत लायसिन कमी असतं, सोयाबीनमध्ये ते भरपूर. म्हणून भाकरी आणि सोयाबीन ही जोडी जमते. एक किलो ज्वारीच्या पिठात साधारण शंभर ग्रॅम प्रथिनं. त्यातलं शंभर ग्रॅम पीठ काढून तेवढंच सोयाबीनचं घाला, आकडा सव्वाशेच्या पुढे जातो. लोह आणि कॅल्शियमही आहे, पण दाण्यातल्या फायटेटमुळे लोह कमी शोषलं जातं. सोबत लिंबू पिळा. बी-१२ मात्र यातून मिळत नाही.

हृदयाचं काय? १९९९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं 'सोया प्रथिनांनी हृदयरोगाचा धोका कमी होऊ शकतो' असं पाकिटावर छापायला परवानगी दिली. २०१७ मध्ये त्याच खात्यानं ती मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला, कारण पुरावे एकसारखे नव्हते. वाईट कोलेस्टेरॉल थोडं उतरतं, एवढं म्हणता येईल.

आणि मुलांनो, तो नेहमीचा प्रश्न : पुरुषांचे हार्मोन बिघडतात का? अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, टेस्टोस्टेरॉनवर परिणाम दिसला नाही. थायरॉइडची गोळी चालू असेल तर मात्र गोळी आणि सोयाबीन यांत अंतर ठेवा, डॉक्टरांना विचारा. काहींना सोयाबीनची ॲलर्जीही असते. आणखी एक : सोयावडीच्या पाकिटावरचे ५२ ग्रॅम हे शंभर ग्रॅम कोरड्या वडीचे. भिजल्यावर वजन पाण्यानं वाढतं, प्रथिनं वाढत नाहीत.

शेतकऱ्यांच्या पोरांसाठी खास : पेरणीसाठी बीजप्रक्रिया केलेलं बियाणं चुकूनही खायचं नाही. त्याला औषध लावलेलं असतं.

परत आमच्या घरी. पहिल्या खेपेला मी शहाणपणा केला, दाणे तसेच दळून आणले. भाकरीला असा वास आला की कुत्र्यानंही तोंड फिरवलं. दुसऱ्या खेपेला दाणे निवडले, उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं ठेवले, कडक उन्हात वाळवले आणि नऊ किलो ज्वारीत एक किलो घालून दळून आणले. आजीनं भाकरी मोडली, ठेच्याला लावून खाल्ली. काही बोलली नाही. मी विचारलं, "कळतंय का?" म्हणाली, "काय कळायचं? भाकरच हाय की."

तिला आता बरं वाटतंय. गोळ्याही चालू आहेत, त्यामुळे श्रेय कुणाचं ते मी सांगत नाही. पण परवा फोनवर बाबा म्हणाले, यंदा सगळा माल मोंढ्यावर नेला, एक कट्टा मागे ठेवला.

"भाव वाढायची वाट बघताय का?" मी विचारलं.

"नाही रे," ते म्हणाले, "तो खायचा आहे."

तुमच्या घरी सोयाबीन होतं का? आणि घरात कुणी खातं का? आज जेवताना एकदा विचारा. भेटू पुढच्या भागात.