शिदोरी कोरडी, हिशोब पाण्याचा

जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला तेव्हा मी पीएचडीच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या प्रयोगशाळेतल्या सहा जणांनी पैसे काढले आणि दोन दिवसांत बरीच खोकी भरून पाठवली. तांदूळ, तूरडाळ, उपम्याचं तयार पीठ, इन्स्टंट नूडल्स. यादी मीच केली होती, कारण 'टिकणारं अन्न' हा माझाच विषय. तिसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला. "अगं, पाठवलंस ते चांगलंच आहे, पण शिजवू कशावर? शेगडीत चिखल, सिलिंडर वाहून गेला, आणि प्यायलाच पाणी नाही तर तुझ्या उपम्यात काय घालू? त्यापेक्षा बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या धाड."

मी तेव्हा हसण्यावारी नेलं, पण आतून चांगलीच खजील झाले होते. टिकणारं अन्न आणि खाता येणारं अन्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे माझ्या संशोधनाच्या आराखड्यात कुठेच नव्हतं. मग मी जुन्या नोंदी वाचायला लागले: जिथे जागा कमी, चूल नाही, बाजार नाही आणि चुकीला माफी नाही, तिथे लोक शिदोरीत काय न्यायचे? म्हणजेच छोट्या होडीत. आज त्यातल्या दोन होड्यांबद्दल सांगते. दोन्हींच्या सामानाची यादी त्यांच्या कप्तानांनीच लिहून ठेवली आहे, त्यामुळे हिशोब करून बघता येतो.

त्याआधी विज्ञान, पण थोडक्यात. अन्न खराब होतं ते त्यातल्या 'मोकळ्या' पाण्यामुळे. जिवाणू आणि बुरशी यांना वाढायला हे पाणी लागतं. त्याचं माप म्हणजे वॉटर ॲक्टिव्हिटी, शून्य ते एकच्या पट्टीवर. ताजा पाव साधारण ०.९५ च्या आसपास असतो. ०.६ च्या खाली गेलं की कुठलाही सूक्ष्मजीव वाढत नाही. वाळवणं, खारवणं, पाकात घालणं या सगळ्या युक्त्या हा आकडा खाली आणण्याच्याच आहेत. कुठे पाणी काढून टाकायचं, कुठे मीठ-साखरेने बांधून ठेवायचं. आपले पापड, सुकट, मोरावळा, सगळे याच गणितात बसतात.

पण काढून टाकलेलं पाणी खाताना परत द्यावं लागतं, भांड्यात नाहीतर पोटात. घरी आपण नळ सोडतो म्हणून ही उधारी दिसत नाही. होडीत दिसते.

पहिली होडी : १७८९

इंग्रज आरमाराचं 'बाउंटी' जहाज ताहितीहून नीरफणसाची हजारावर रोपं घेऊन वेस्ट इंडीजला निघालं होतं. हो, आपण कोकणात ज्याचे काप करतो तोच नीरफणस. तिथल्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांना स्वस्तात पोट भरेल असं काहीतरी हवं, म्हणून हा सगळा खटाटोप. २८ एप्रिल १७८९ रोजी टोंगा बेटांजवळ जहाजावर बंड झालं. बंडखोरांनी कप्तान विल्यम ब्लाय आणि त्याच्यासोबतच्या १८ जणांना एका उघड्या होडीत उतरवलं. होडीची लांबी २३ फूट, रुंदी पावणेसात फूट.

सोबत काय होतं? १५० पौंड जहाजी बिस्किटं, डुकराच्या खारवलेल्या मांसाचे दोन-दोन पौंडांचे १६ तुकडे, सहा क्वार्ट रम, सहा बाटल्या वाइन आणि २८ गॅलन पाणी. जवळच्या तोफुआ बेटावर आणखी शिधा मिळतो का बघायला गेले, तर तिथल्या लोकांशी चकमक होऊन एक माणूस गेला. उरले १८. मग ठरलं की आता वाटेत कुठे न थांबता थेट डचांच्या ताब्यातलं तिमोर गाठायचं.

ही शिदोरी खरं तर जहाजासाठी बनलेली होती. जहाजावर चूल असते, खानसामा असतो, पाण्याची मोठी पिंपं असतात. खारवलेलं मांस तिथे पाण्यात भिजत घालून, खारटपणा काढून मग उकळतात. होडीत यातलं काही शक्य नव्हतं. त्यामुळे खरा आधार उरला तो बिस्किटांचा. ती कडक होती, पण चावून खाता येत होती.

ब्लायने नारळाच्या दोन करवंट्यांचा तराजू केला. वजन म्हणून पिस्तुलाची गोळी, अशा २५ गोळ्या मिळून एक पौंड. एका वेळचा वाटा एका गोळीइतका, म्हणजे १८ ग्रॅम. आजच्या हिशोबात साडेतीन ग्लुकोज बिस्किटं. बरोबर पाव पाइंट पाणी, म्हणजे चहाचा एक मोठा कप. असं दिवसातून तीनदा. पुढे प्रवास लांबेल या भीतीने त्याने संध्याकाळचा बिस्किटाचा वाटाही बंद केला. मी उष्मांक काढून पाहिले. तीन वाट्यांचे जेमतेम २००-२२० किलोकॅलरी होतात, दोनचे दीडशेच्या आसपास. मधूनमधून मांसाचा एखादा कण किंवा हाताला लागलेला समुद्रपक्षी, तोही कच्चा. पक्ष्याचे तुकडे करायचे, एकाने पाठ फिरवायची, दुसऱ्याने एका तुकड्याकडे बोट दाखवून "हा कोणाला?" विचारायचं आणि पाठ फिरवलेल्याने नाव घ्यायचं. कोणाला छातीचा भाग, कोणाला पाय, पण भांडायला जागाच नाही.

आता पाण्याचा हिशोब. २८ गॅलन म्हणजे फार तर सव्वाशे लिटर. अठरा माणसं, रोज प्रत्येकी सुमारे चारशे मिली, म्हणजे दिवसाला सात लिटरच्या वर. हे पाणी सतरा-अठरा दिवसांत संपायला हवं. तोफुआपासून तिमोर दिसेपर्यंत लागले ४१ दिवस, अंतर ३६१८ सागरी मैल. मग ते जगले कसे?

पावसामुळे. जवळजवळ सगळा मे महिना पाऊस त्यांना झोडपत होता. अंगावरचे कपडे सतत ओले, रात्री थंडीने दातखीळ बसायची. ऊब यावी म्हणून ते कपडे समुद्राच्या पाण्यात पिळून पुन्हा घालायचे. बिस्किटं भिजू नयेत म्हणून सुताराची हत्यारांची पेटी रिकामी करून त्यात भरली होती, तरी काही खराब झालीच, आणि तीही त्यांनी खाल्ली. पण त्याच पावसाने पिंपं पुन्हा पुन्हा भरली. ब्लायने स्वतःच नोंदवलंय की ऊन पडलं असतं तर आम्ही तहानेने मेलो असतो.

या प्रवासातलं पहिलं शिजवलेलं जेवण मे महिन्याच्या अखेरीला मिळालं, ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर. कोणीतरी बंडाच्या गडबडीत तांब्याचं एक भांडं होडीत टाकलं होतं. भिंगाने विस्तव पेटवला, कालवं, बिस्किटं आणि थोडं मांस एकत्र शिजवलं. पण याच बेटावर रात्री कोणीतरी मांस चोरलं. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. ब्लायने चौकशीत वेळ घालवला नाही, उरलेलं मांस तिथल्या तिथे सगळ्यांत वाटून टाकलं. चोरायला काही ठेवलंच नाही!

तोफुआ सोडल्यानंतर १४ जूनला कुपांग बंदरात उतरेपर्यंत या होडीत एकही माणूस दगावला नाही. मात्र पुढे कुपांग आणि बटाव्हियाच्या मुक्कामात त्यातले काही जण गेले. पहिल्यांदा गेला तो नीरफणसाच्या रोपांची निगा राखणारा वनस्पतितज्ज्ञ डेव्हिड नेल्सन.

दुसरी होडी : १९१६

आता सव्वाशे वर्षं पुढे आणि थेट अंटार्क्टिकाजवळ. अर्नेस्ट शॅकल्टनचं 'एन्ड्युरन्स' जहाज बर्फात चिरडून बुडालं होतं आणि २८ माणसं एलिफंट बेटावर अडकली होती. मदत आणायला सहा जण 'जेम्स केर्ड' नावाच्या साडेबावीस फुटी होडीतून ८०० सागरी मैलांवरच्या साउथ जॉर्जियाला निघाले. तारीख २४ एप्रिल १९१६.

यांची शिदोरी ब्लायसारखी हाताला लागेल ती नव्हती, विचार करून भरलेली होती. सहा जणांना महिनाभर पुरेल असा हिशोब. घसरगाडीच्या प्रवासासाठी बनवलेल्या सुक्या अन्नाच्या ३०० वड्या, सुक्यामेव्याच्या २००, बिस्किटं ६००, साखरेचे खडे, दूध पावडरची ३० पाकिटं. वडीत चरबी, ओट्सचं पीठ, मांसाची प्रथिनं, साखर आणि मीठ. आपल्या डिंकाच्या लाडवाचा मांसाहारी चुलतभाऊ म्हणा हवं तर. गरम पाण्यात ढवळली की दाट सूप तयार, आणि वेळ आली तर कच्चीही खाता येते. दुपारी ते ती कच्चीच खायचे.

आणि चूल होती! दोन प्रायमस स्टो, साडेसहा गॅलन रॉकेल, आगपेटीच्या ३० पेट्या. यादीत स्टोच्या पिनासुद्धा आहेत. ज्यांच्या आजीकडे पंप मारायचा स्टो होता त्यांना पिनेचं महत्त्व सांगायला नको. होडी इतकी हेलकावायची की दोघं समोरासमोर बसून पायांच्या मध्ये स्टो आवळून धरायचे आणि लाट आली की पातेलं वर उचलायचे. दिवसातून दोनदा-तीनदा काहीतरी गरम पोटात जायचं, आणि त्या थंडीत तोच मोठा आधार होता.

पाणी होतं ३६ गॅलन, दोन पिंपांत, शिवाय ११२ पौंड बर्फ. पण होडी लाटांतून पाण्यात उतरवताना एका पिंपाला धक्का बसला होता आणि आत समुद्राचं पाणी शिरलं होतं. हे कळलं ते पहिलं पिंप संपल्यावर. शेवटचे दिवस माणशी अर्धा पाइंट मचूळ पाणी, तेही औषधाच्या पेटीतल्या जाळीच्या कापडातून गाळून. ८ मे रोजी जमीन दिसली, पण वादळामुळे किनाऱ्याला लागता येईना. होडीत अन्न भरपूर होतं, पण घशाखाली उतरत नव्हतं. १० मे रोजी उतरले तेव्हा समोर गोड्या पाण्याचा ओहोळ वाहत होता. सगळे गुडघ्यांवर बसून आधी पाणी प्यायले.

दोन याद्या शेजारी ठेवल्या तर

ब्लायची माणसं उपाशी होती, पण पाण्यावाचून मेली नाहीत. शॅकल्टनच्या माणसांकडे महिन्याचा शिधा होता आणि सोळा दिवसांत तहानेने त्यांचा जीव कासावीस झाला. दोन्हीकडे अन्न टिकलं. दोन्हीकडे निकाल ठरवला पाण्याने.

याचं शरीरशास्त्र समजलं ते दुसऱ्या महायुद्धात. बोटी बुडत होत्या, माणसं तराफ्यांवर दिवसेंदिवस तरंगत होती, आणि त्यांच्यासाठी शिधा काय ठेवायचा हा प्रश्न होता. जेम्स गँबल या अमेरिकी डॉक्टरने स्वयंसेवकांवर प्रयोग केले. प्रथिनं आणि मीठ पोटात गेलं की त्यांचा उरलेला भाग मूत्रपिंडांना बाहेर टाकावा लागतो आणि त्यासाठी पाणी खर्च होतं. पूर्ण उपाशी राहिलं तरी सुटका नाही, कारण शरीर आपलेच स्नायू जाळतं आणि पुन्हा तोच खर्च. पण रोज १०० ग्रॅम ग्लुकोज दिलं तर स्नायूंची ही झीज जवळपास निम्म्यावर येते आणि तेवढं पाणी वाचतं. म्हणजे तराफ्यावरची साखर ही काही अंशी पाण्याची बचतच.

या दृष्टीने पाहिलं तर ब्लायचं सुकं बिस्कीट नकळत बरंच बरोबर होतं. बहुतेक सगळं पिष्ट, फक्त प्रमाण फार कमी. आज मोठ्या जहाजांच्या जीवनरक्षक होड्यांसाठी आंतरराष्ट्रीय नियम आहे : माणशी किमान १०,००० किलोज्यूलचं अन्न आणि तीन लिटर पाणी. ते अन्न म्हणजे पीठ, साखर आणि स्निग्ध पदार्थांच्या घट्ट दाबलेल्या वड्या. भिजवायच्या नाहीत, शिजवायच्या नाहीत. चव विचारू नका. पण चूल, भांडं आणि जास्तीचं पाणी या तिन्ही गोष्टी त्यांनी यादीतून काढून टाकल्या आहेत.

आपल्या जुन्या बायकांना हे अर्धं तरी माहीत होतं. लांबच्या प्रवासाला त्या पिठलं-भात बांधून द्यायच्या नाहीत. दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी, गूळ, शेंगदाणे, लाडू द्यायच्या. सगळं हातावर घेऊन खायचं.

माझ्या प्रबंधात आता एक प्रकरण वाढलंय. प्रत्येक नमुन्यासमोर 'किती महिने टिकतो' याच्या शेजारी आणखी तीन रकाने आहेत : तयार करायला किती पाणी, किती इंधन, आणि खाल्ल्यावर शरीर किती पाणी मागेल. गाइडनी विचारलं, हे रकाने कुठल्या पेपरमधून घेतले? मी ब्लाय आणि गँबल सांगितलं. मावशीचं नाव संदर्भसूचीत घालता येत नाही, पण आभारात पहिलं तिचंच असेल.